रस्ता किती टिकणार, हे कुठे ठरतं?

महापालिकेच्या स्थायी समितीच्या कार्यपत्रिकेवर एक वाक्य जवळपास दर आठवड्याला असतं. 'अमुक प्रभागातील अमुक रस्त्याचे डांबरीकरण करणे, या कामी आलेल्या निविदांपैकी सर्वांत कमी दराची निविदा मान्य करणेबाबत.' विषय पुकारला जातो, कोणी हरकत घेतली नाही तर 'मान्य' म्हटलं जातं आणि पुढचा विषय येतो. तेवढ्या वेळात काही लाखांचं, कधी काही कोटींचं काम मंजूर झालेलं असतं. मग जुलैमध्ये त्याच रस्त्यावर खड्डे पडले की आपण सगळे चिडतो, फोटो काढतो, नगरसेवकाला फोन करतो. चिडणं रास्तच आहे. पण तो रस्ता टिकेल की उखडेल याचा निकाल बराचसा आधीच लागलेला असतो: त्या वाक्याच्या अगोदर तयार झालेल्या कागदांत आणि नंतर भरल्या गेलेल्या एका वहीत. हे कागद कोणते, ते कोण लिहितं आणि आपल्याला त्यात कुठे डोकावता येतं, ते या लेखात सांगतो. उदाहरण पुण्याचं घेतो, कारण तिथली पद्धत मला जास्त परिचयाची आहे.

आधी स्थायी समितीबद्दल. मुंबई सोडून राज्यातल्या इतर महापालिका १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमावर चालतात, मुंबईचा कायदा १८८८ चा. पुण्यासारख्या महापालिकेत स्थायी समितीत १६ नगरसेवक असतात, मुंबईत २७. पक्षांना संख्याबळाप्रमाणे जागा मिळतात आणि दरवर्षी निम्मे सदस्य निवृत्त होतात. पहिल्या वर्षी कोणी बाहेर पडायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरतं. या समितीकडे महापालिकेच्या तिजोरीची किल्ली असते. काम करून घेण्याचा अधिकार आयुक्तांचा आहे, पण कलम ७३ प्रमाणे ठराविक रकमेच्या वरचा कुठलाही ठेका द्यायचा तर आधी स्थायीची मान्यता घ्यावी लागते. म्हणजे प्रस्ताव प्रशासनाने आणायचा आणि लोकांनी निवडून दिलेल्या माणसांनी तो तपासायचा, अशी ही रचना आहे.

२०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, निवडणुका लांबल्या आणि राज्यातल्या बहुतेक मोठ्या महापालिकांत काही वर्षं प्रशासक राहिले. त्या काळात आयुक्त हेच प्रशासक होते, त्यामुळे प्रस्ताव मांडणारे आणि मान्य करणारे एकच झाले. कामं भराभर मंजूर झाली असतीलही, पण दुसऱ्या जोडी डोळ्यांनी कागद पाहणं बंद पडलं. शहराचं हे मोठं नुकसान होतं असं माझं स्पष्ट मत आहे. चांगला नगरसेवक विषयपत्र, म्हणजे प्रस्तावाचा कागद, वाचून 'हा रस्ता दोन वर्षांपूर्वीच केला होता ना?' एवढा एक प्रश्न विचारतो आणि विषय तहकूब होतो. तो प्रश्न विचारायला सभागृहात माणूसच नसेल, तर तो कुणीच विचारत नाही.

आता त्या रस्त्याच्या मागे मागे जाऊ. काम जन्माला येतं ते अंदाजपत्रकात. महापालिकेचं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. आयुक्त आपलं अंदाजपत्रक स्थायीपुढे मांडतात, स्थायी त्यात फेरफार करते आणि मग स्थायीचे अध्यक्ष ते मुख्य सभेपुढे, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभेपुढे ठेवतात. मोठे रस्ते, पूल, उड्डाणपूल यांच्यासाठी पथ आणि प्रकल्प विभागाच्या तरतुदी असतात. नगरसेवकांनी सुचवलेल्या प्रभागातल्या छोट्या कामांची पुण्यात वेगळी यादी असते, तिला 'स यादी' म्हणतात. गल्लीतलं काँक्रिटीकरण, पदपथाचे ब्लॉक, बाकडी, कमानी हे सगळं बहुधा तिथूनच येतं.

वर्षाच्या मध्यात 'वर्गीकरण' सुरू होतं. म्हणजे एका कामासाठी ठेवलेला पैसा दुसऱ्या कामाकडे वळवायचा. कधी ते योग्यच असतं. जागा ताब्यात न आल्याने एखादं काम अडलं, तर पैसे पडून ठेवण्यात अर्थ नाही. पण वर्गीकरणाचे विषय वाचताना पैसे कुठून काढले आणि कुठे घातले, या दोन्ही बाजू बघाव्यात. पावसाळी गटारांसाठी ठेवलेले पैसे सुशोभीकरणाकडे गेले असतील, तर पुढच्या पावसाळ्यात रस्त्यावर पाणी का तुंबलं याचं उत्तर त्याच कागदात असतं. मार्च जवळ आला की या विषयांची गर्दी होते, कारण ३१ मार्चनंतर न वापरलेली तरतूद हातची जाते.

तरतूद झाली की एस्टिमेट, म्हणजे पूर्वगणनपत्रक. माझ्या मते सगळ्या प्रवासातला सर्वांत कळीचा कागद हाच. कनिष्ठ अभियंता जागेवर जातो, टेप लावून लांबी-रुंदी घेतो, रस्त्याची अवस्था बघतो आणि कामाच्या बाबी लिहून काढतो: जुना थर खरवडणे, टॅक कोट (थर चिकटावेत म्हणून डांबराचा पातळ हात) मारणे, खालचा डीबीएमचा (जाड खडीच्या डांबरी मिश्रणाचा) थर, वरचा बीसीचा (बारीक खडीच्या डांबरी मिश्रणाचा) थर, चेंबरची झाकणं नव्या पातळीला उचलणे, पांढरे पट्टे मारणे. प्रत्येक बाबीपुढे परिमाण येतं आणि दर येतो. हे दर अभियंत्याच्या मनचे नसतात, त्यासाठी मान्य दरसूची असते, जिला सगळे डीएसआर म्हणतात. मग उपअभियंता, कार्यकारी अभियंता असं करत तो कागद वर चढतो, तांत्रिक मंजुरी मिळते, आणि मोठं काम असेल तर एस्टिमेट कमिटीपुढे जातो.

यात काय लिहिलं आहे यापेक्षा काय लिहायचं राहून गेलं, ते बघणं जास्त उपयोगाचं असतं. डांबराचा वैरी पाणी. रस्त्याला दोन्ही बाजूंना उतार नसेल, पावसाळी गटाराची जाळी रस्त्यापेक्षा वर असेल किंवा कडेला पाणी साठत असेल, तर उत्तम प्रतीचा थरही फार टिकत नाही. पाणी बारीक भेगांतून आत शिरतं, वरून चाकांचा दाब येतो, खडीवरची डांबराची पकड सुटते आणि खडी मोकळी होते. म्हणून जिथे पाणी साठतं तिथे नुसतं 'रिसरफेसिंग', म्हणजे वरचा थर नवा करणं, धरणारं एस्टिमेट अपुरंच म्हणायला हवं. त्यात गटाराची दुरुस्ती आणि उताराची दुरुस्ती धरलेली असली पाहिजे.

दुसरी नेहमी राहून जाणारी गोष्ट म्हणजे रस्त्याच्या पोटातल्या वाहिन्या. पाणीपुरवठा, मलनिस्सारण, विद्युत आणि पथ हे सगळे एकाच महापालिकेचे विभाग. शिवाय महावितरण, गॅस आणि इंटरनेटच्या केबलवाले बाहेरचे. यातल्या कुणाला पुढच्या वर्षभरात तो रस्ता खणायचा आहे का, हे एस्टिमेट करतानाच विचारायला हवं. विचारलं नाही की नव्या रस्त्यावर महिन्याभरात चर पडतो. बाहेरच्या कंपन्या खोदाईची परवानगी काढतात, रस्ता पूर्ववत करण्याचे पैसे महापालिकेत भरतात. पण चर बुजवताना माती थरथराने दाबली नाही, तर पहिल्या पावसात ती जागा खचतेच. पैसे भरले जातात, रस्ता मात्र आधीसारखा होत नाही.

मग निविदा. आता बहुतेक मोठ्या निविदा ऑनलाइन निघतात. ठेकेदार बयाणा रक्कम भरतात आणि दोन पाकिटं सादर करतात. पहिल्यात पात्रतेची कागदपत्रं असतात: पूर्वी केलेल्या कामांचे दाखले, यंत्रसामग्री, उलाढाल, डांबराच्या प्लांटची मालकी किंवा करार. त्यात जे पात्र ठरतात त्यांचंच दुसरं, दराचं पाकीट उघडतात. सर्वांत कमी दरवाल्याला 'एल वन' म्हणतात.

इथे एक शब्द कायम कानावर येतो, 'बिलो'. एस्टिमेट १ कोटीचं आणि ठेकेदाराने ७५ लाखांत काम करायची तयारी दाखवली, तर तो '२५ टक्के बिलो' आला. ऐकणाऱ्याला वाटतं, महापालिकेचे २५ लाख वाचले. वाचलेही असतील. एस्टिमेट फुगवलेलं असेल किंवा ठेकेदाराचा प्लांट जवळ असेल, तर कमी दर परवडू शकतो. पण डांबर आणि खडीचे भाव सगळ्यांना सारखेच असतात. दर फारच खाली आला, तर तो फरक कुठून भरून निघणार, हे विचारलंच पाहिजे. अशा वेळी ठेकेदाराकडून जादा अनामत घेण्याचा नियम असतो. विषयपत्रात दर किती टक्के कमी आहे हे दिलेलं असतं, तेव्हा ती जादा अनामत भरली का, हा सभेत विचारण्याजोगा साधा आणि नेमका प्रश्न आहे.

इथवर आलं की तो विषय स्थायीपुढे येतो. तिथली भाषा एकदा कळली की कार्यपत्रिका आणि इतिवृत्त वाचणं सोपं जातं. 'मान्य' म्हणजे मंजूर. 'तहकूब' म्हणजे पुढच्या सभेवर ढकलला. 'दफ्तरी दाखल' म्हणजे विषय बंद, कागद कपाटात. 'अभिप्रायासाठी आयुक्तांकडे' म्हणजे प्रशासनाचं म्हणणं मागवलं. आणि 'आयत्या वेळचा विषय' म्हणजे जो कार्यपत्रिकेवर नव्हता आणि सभेतच पुढे आला. या शेवटच्या प्रकाराकडे विशेष लक्ष द्यावं, कारण त्याचे कागद सदस्यांनी नीट वाचलेले असण्याची शक्यता फार कमी. पूर आला, जलवाहिनी फुटली, अशा वेळी घाई समजू शकते. आणीबाणीत आयुक्तांना तातडीने पाऊल उचलता यावं म्हणून कायद्यात कलम ६७ (३) (क) आहेच. पण पदपथाचे ब्लॉक बदलणं आयत्या वेळी यावं, एवढं तातडीचं कधीच नसतं.

मंजुरीनंतर करारनामा होतो, कार्यादेश निघतो, म्हणजे वर्क ऑर्डर. त्यात मुदत लिहिलेली असते. मुदत हुकली की मुदतवाढीचा विषय येतो, कधी दंडासह, कधी दंडाशिवाय. यावर जास्त लिहीत नाही, कारण खरी गोष्ट आता रस्त्यावर घडते.

डांबरी मिश्रण प्लांटमधून निघतं तेव्हा साधारण दीडशे अंशांच्या वर तापलेलं असतं. डंपरवर ताडपत्री असते ती ही उष्णता टिकावी म्हणून. पेव्हर या यंत्राने पसरताना ते पुरेसं गरम असावं लागतं आणि रोलर फिरवण्याचं काम तापमान ९० अंशांच्या खाली जाण्याआधी संपावं लागतं. गार झालेलं मिश्रण दाबलं जात नाही, आत पोकळ्या राहतात आणि त्यातून पाणी शिरतं. म्हणून जागेवर तापमापक असणं आणि डंपर आल्या आल्या त्यात खुपसून आकडा लिहून ठेवणं, हे काम हजर असलेल्या अभियंत्याचं. वाहतुकीत अडकून डंपर तासन् तास उशिरा आला आणि थंड पडला असेल, तर तो परत पाठवण्याचा अधिकार त्याला आहे. रात्रीची कामं करणारे कित्येक कनिष्ठ अभियंते हे मन लावून करतात आणि त्यांची दखल कुठेच घेतली जात नाही.

काम झालं की मोजमाप पुस्तिका भरायची. सगळे तिला 'एमबी' म्हणतात. छापील क्रमांकाची पानं असलेली ही वही, अलीकडे काही ठिकाणी संगणकावर. ठेकेदाराचं बिल निघतं ते या वहीतल्या नोंदींवर. ठेकेदाराने किती काम केल्याचं सांगितलं, याला इथे किंमत नाही. अभियंत्याने मोजून काय लिहिलं, त्याचे पैसे मिळतात. नोंद अशी असते: लांबी २०० मीटर, रुंदी ७ मीटर, जाडी ०.०४ मीटर, म्हणजे ५६ घनमीटर. लांबी आणि रुंदी रस्त्यावर कुणीही मोजू शकतो, त्यात फारशी लपवाछपवी होत नाही. खेळ असतो तो जाडीत. ४० मिलिमीटरऐवजी थर ३० मिलिमीटरचा पडला, तर डोळ्याला काहीच कळत नाही. काळाभोर, गुळगुळीत रस्ता दिसतो. पण गणित करून बघा. ५६ ऐवजी ४२ घनमीटर माल पडला, १४ घनमीटर कमी. दाबलेल्या डांबरी मिश्रणाचा एक घनमीटर अंदाजे २.४ टन भरतो, म्हणजे ३३ टनांहून जास्त माल कमी आला. केवळ २०० मीटरच्या गल्लीत दोन भरल्या डंपरांपेक्षा जास्त.

हे पकडायचे दोन मार्ग आहेत. एक, कोअर कटिंग. म्हणजे झालेल्या रस्त्यातून गोल नळकांड्यासारखा तुकडा कापून काढायचा, त्याची जाडी मोजायची, घनता तपासायची. दुसरा, डंपरच्या वजनाच्या पावत्या. प्लांटवरच्या काट्याची प्रत्येक पावती जपलेली असेल, तर एमबीतले घनमीटर आणि पावत्यांवरचे टन जुळतात का ते पाहता येतं. काँक्रीटच्या रस्त्यात हेच काम क्यूब टेस्ट करते. दर खेपेतून १५० मिलिमीटरचे ठोकळे भरून ठेवायचे आणि ७ व २८ दिवसांनी दाबून फोडायचे. एम ४० दर्जाचं काँक्रीट असेल, तर २८ दिवसांनी चौरस मिलिमीटरला ४० न्यूटन एवढी ताकद अपेक्षित असते.

यापुढचा शब्द प्रत्येकाने पाठ करावा असा आहे: दोषदायित्व कालावधी, बोलीभाषेत डीएलपी. काम पूर्ण झाल्यापासून निविदेत ठरलेल्या वर्षांत रस्ता खराब झाला, तर ठेकेदाराने तो स्वतःच्या पैशाने दुरुस्त करायचा. त्यासाठी त्याच्या अनामतीतला काही भाग महापालिकेकडे अडकवलेला असतो. त्याने दुरुस्ती केली नाही, तर महापालिकेने ती करून घेऊन खर्च त्या अनामतीतून वसूल करायचा. नियम इतका स्वच्छ आहे. अडचण अशी की खड्डा पडला की क्षेत्रीय कार्यालय किंवा पथ विभाग आपल्याच गाडीने तो बुजवून मोकळे होतात. खड्डा बुजतो, लोक शांत होतात आणि ज्याने दुरुस्ती करायची त्याची अनामत मुदत संपल्यावर जशीच्या तशी परत जाते. म्हणजे एकाच रस्त्याचे पैसे आपण दोनदा भरतो.

हमीची ताकद काय असते, हे पुण्याने पाहिलं आहे. १९७० च्या दशकात, श्रीकांत शिरोळे स्थायी समितीचे अध्यक्ष असताना, जंगली महाराज रस्त्याचं काम रेकॉन्डो नावाच्या कंपनीला दिलं गेलं. कंपनीने दहा वर्षांची लेखी हमी दिली होती. रस्ता त्या दहा वर्षांपुरता टिकला असता तरी खूप होतं, तो पुढची कित्येक दशकं टिकला आणि 'जेएम रोडवर खड्डा पडत नाही' हे पुणेकरांच्या बोलण्यात रूढ झालं. त्यामागे मालाची गुणवत्ता होती, हॉट मिक्सचं तंत्र होतं, पण काम मागणाऱ्याने हमी मागितली आणि देणाऱ्याने ती कागदावर दिली, ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. हेही पुणे महापालिकेतच घडलं, याच स्थायी समितीच्या टेबलावरून.

न्यायालयंही आता याच दिशेने बोलू लागली आहेत. चांगला रस्ता हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलं आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्ड्यामुळे मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख रुपये आणि जखमींना दुखापतीप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख भरपाई देण्याचा आदेश या न्यायालयाने दिला. रस्ता खराब झाला की तो कुणाच्या जबाबदारीवर होता, हे शोधणं आता महापालिकेलाही टाळता येणार नाही.

आपण काय करायचं? पहिली जागा अंदाजपत्रकाच्या आधीची. पुणे महापालिका २००६ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं सुचवून घेते. त्यात छोटी कामंच बसतात, पण 'आमच्या चौकात पाणी तुंबतं, जाळी खाली घ्या' ही मागणी त्यात नक्की बसते. डांबरीकरण मागण्यापेक्षा ती मागा.

दुसरी जागा माहितीचा अधिकार. २००५ च्या कायद्यातला एक भाग लोकांना फारसा माहीत नसतो. कलम २ (ञ) प्रमाणे माहिती मागण्याबरोबरच काम, दस्तऐवज आणि अभिलेख यांची पाहणी करण्याचा, टिपणं घेण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क नागरिकाला आहे. म्हणजे एमबी तुम्ही समोर बसून बघू शकता. पुणे महापालिकेत सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात अभिलेख पाहू देण्याची प्रथा पडली आणि २०१८ मध्ये राज्य सरकारने इतर कार्यालयांसाठीही तसा निर्णय काढला. पाहायला गेलात तर चार गोष्टी मागा: एस्टिमेट, कार्यादेश, एमबीची पानं आणि चाचण्यांचे अहवाल. पहिल्यांदा जरा गोंधळायला होतं. आकड्यांचे रकाने आणि संक्षेप अंगावर येतात. दुसऱ्या रस्त्याच्या वेळी मात्र नजर आपोआप जाडीच्या रकान्यावर जाते.

आणि तिसरी, सर्वांत सोपी जागा म्हणजे खड्ड्याची तक्रार. 'खड्डा बुजवा' एवढंच लिहू नका. असं लिहा: 'या रस्त्याचे काम कधी पूर्ण झाले, दोषदायित्व कालावधी कोणत्या तारखेपर्यंत आहे, ठेकेदारास दुरुस्तीची नोटीस दिली का, आणि महापालिकेने स्वतः दुरुस्ती केली असल्यास तो खर्च अनामत रकमेतून वसूल केला का, ते कळवावे.' रस्ता मोठा असेल तर हे पत्र पथ विभागाला, आतली गल्ली असेल तर क्षेत्रीय कार्यालयाला द्या. आवक क्रमांक घ्या, एक प्रत आपल्या नगरसेवकाला द्या. डीएलपी शिल्लक असेल, तर तीच तारीख धरून पावसाळ्यानंतर पुन्हा एक पत्र द्या. अनामत परत करण्याआधी त्या रस्त्याची पाहणी व्हायची असते, आणि फाइलमध्ये तुमची दोन पत्रं असतील तर पाहणी करणाऱ्या अभियंत्याला 'रस्ता सुस्थितीत' असा शेरा मारण्याआधी त्यांचं उत्तर द्यावं लागतं.